दवाखान्याच्या पाटीवरचा नंबर आणि डॉक्टर रखमाबाईंची गोष्ट

परभणीत असा, जिंतूरला असा की गंगाखेडला. दवाखान्याबाहेरच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव असतं, नावापुढं डिग्री असते आणि खाली बारीक अक्षरात एक रजिस्ट्रेशन नंबर असतो. आपण नाव वाचतो, यांच्या हाताला गुण आहे का ते ओळखीपाळखीत विचारतो आणि आत जाऊन नंबर लावून बसतो. पाटीवरचा नंबर मात्र सहसा कुणी वाचत नाही.

खरंतर समोरचा माणूस शिकलेला डॉक्टर आहे की नुसताच गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून बसलाय, हे ओळखायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हा नंबर. तो आला कुठून आणि तो मिळणं किती अवघड होतं, हे समजून घ्यायचं असेल तर डॉक्टर रखमाबाईंचं आयुष्य बघावं लागतं.

दरवर्षी २२ नोव्हेंबरला त्यांच्या जयंतीच्या पोस्ट फिरतात. त्यात दोन गोष्टी हमखास असतात. एक, त्या भारतातल्या पहिल्या प्रॅक्टिस करणाऱ्या महिला डॉक्टर. दोन, त्यांचं लग्न थेट राणी व्हिक्टोरियानं मोडलं. या दोन्ही गोष्टी तपासून घेतल्या पाहिजेत. कारण खरी गोष्ट यापेक्षा भारी आहे.

सुताराच्या जातीतली मुलगी, डॉक्टरच्या घरात

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई, जात सुतार. रखमा जेमतेम अडीच वर्षांची असताना वडील वारले. आई तेव्हा सतरा वर्षांची होती. या जातीत विधवेला पुन्हा लग्न करता येत होतं. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. पण त्याआधी त्यांनी एक काम केलं. पहिल्या नवऱ्याची मालमत्ता लेकीच्या नावावर करून टाकली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं तो कामाला येतो.

सावत्र वडील साधी असामी नव्हते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले डॉक्टर, वनस्पतीशास्त्राचे अभ्यासक आणि १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू करणाऱ्या आठ जणांपैकी एक. त्या आठ जणांत भारतीय फक्त दोन होते. त्यामुळं रखमा पुस्तकांच्या आणि औषधांच्या घरात वाढली.

पण घर सुधारकाचं असलं तरी काळ सोडत नव्हता. अकराव्या वर्षी तिचं लग्न लागलं. नवरा दादाजी भिकाजी, सावत्र वडिलांच्या नात्यातला, वय एकोणीस-वीस. ठरलं असं होतं की दादाजीनं घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं, काहीतरी बनायचं. दादाजी शिकला नाही. तो मामाच्या घरी जाऊन राहिला आणि रखमा आईकडंच राहिली. शाळा सुटली होती, तर मिशनच्या लायब्ररीतून पुस्तकं आणून ती घरीच वाचायला लागली.

कोर्टातली केस

१८८४ मध्ये दादाजीनं बायकोला नांदायला पाठवा म्हणून मागणी केली. रखमाबाई नाही म्हणाल्या. हे लग्न आपल्या संमतीनं झालेलं नाही, आपल्याला काही कळायच्या वयात झालेलं नाही, म्हणून ते आपल्यावर बंधनकारक नाही, अशी त्यांची भूमिका होती. मामला मुंबई हायकोर्टात गेला. रखमाबाईंच्या नावावर असलेल्या मालमत्तेवर डोळा आहे, अशीही तेव्हा उघड चर्चा होती.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. जे जोडपं कधी एकत्र राहिलेलंच नाही, त्यातल्या बाईला जबरदस्तीनं पाठवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यावर गदारोळ झाला. टिळकांचा केसरी रखमाबाईंच्या विरोधात होता. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक बाजूनं होते. रखमाबाईंनीही त्या वर्षी टाइम्स ऑफ इंडियात अ हिंदू लेडी या टोपणनावानं बालविवाहावर आणि विधवांच्या हालांवर पत्रं लिहिली.

अपिलात केस परत खाली आली आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा निकाल दिला. महिनाभरात नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंगात जाईन.

मग राणी व्हिक्टोरिया कुठं आली? ही गोष्ट खूप ठिकाणी छापलेली सापडते, पण केस संपली ती तडजोडीनं. जुलै १८८८ मध्ये दादाजीनं दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. लग्न कायद्यानं मोडलं असं झालंच नाही, कारण तेव्हा हिंदू स्त्रीला घटस्फोट मागायची सोयच नव्हती. रखमाबाई तुरुंगातून वाचल्या, पण कागदावर दादाजीची बायकोच राहिल्या.

या केसचा आवाज थेट इंग्लंडपर्यंत गेला होता. पुढं १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. तो कायदा होण्यामागं जी खळबळ होती, त्यात रखमाबाईंच्या केसचा मोठा वाटा होता.

पाठराखण करणाऱ्या बाईंनाच एकेकाळी परवाना नाकारला होता

केस संपली तेव्हा रखमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या. आता करायचं काय? इथं एक नाव येतं, डॉक्टर एडिथ पिची. मुंबईत बायकांनी चालवलेलं, बायकांसाठीचं कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झालं, त्याची सूत्रं या बाईंकडं होती. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टरकी शिकायला प्रोत्साहन दिलं आणि त्यांच्यासाठी पैसे उभे करायला मदत केली.

पिचीबाईंना या वाटेवरचे सगळे काटे माहीत होते, कारण त्या स्वतः त्यावरून चालत आल्या होत्या.

झालं असं होतं की १८५८ साली ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्याआधी कुणीही उठून औषध द्यायचं आणि पेशंटला कळायचं नाही की शिकलेला कोण आणि भोंदू कोण. कायद्यानं एक कौन्सिल नेमली आणि डॉक्टरांची अधिकृत यादी सुरू केली. गरजू माणसाला पात्र आणि अपात्र यातला फरक कळावा, हा या यादीचा हेतू कायद्यातच लिहिलेला होता. म्हणजे ही यादी मुळात पेशंटसाठी होती.

पण यादीत जायचं तर ठरावीक संस्थांपैकी एकीची परीक्षा पास व्हावी लागायची. आणि या संस्था बायकांना परीक्षेलाच बसू देत नव्हत्या. कायद्यात बायका नकोत असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. दार असं बंद झालं होतं की त्यावर कुलूप दिसतच नव्हतं.

१८६९ मध्ये सात बायकांनी एडिनबरा विद्यापीठात प्रवेश मिळवला, त्यात पिची होत्या. रसायनशास्त्रात त्यांनी वरचा नंबर काढला, पण त्यावर मिळणारी शिष्यवृत्ती त्या बाई आहेत म्हणून खालच्या नंबरच्या मुलाला दिली गेली. १८७० मध्ये या बायका परीक्षेला निघाल्या तर बाहेर जमावानं दंगा केला. शेवटी विद्यापीठानं पदवी दिलीच नाही. १८७६ मध्ये संसदेनं नवा कायदा करून संस्थांना मोकळीक दिली, हवं असेल तर बायकांना परवाना द्या. सक्ती नव्हती. आधी तयार झालं ते डब्लिनचं कॉलेज. पिचींनी स्वित्झर्लंडमधल्या बर्नची पदवी घेतली आणि १८७७ मध्ये डब्लिनचा परवाना मिळवला. शिक्षण सुरू केल्यापासून आठ वर्षांनी.

अशी बाई मुंबईत होती, म्हणून रखमाबाईंची वाट सोपी नाही झाली, पण माहितीची झाली.

कॉलेज शिकवतं, पण लायसन कोण देतं?

१८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या. सुरुवातीला मॅक्लॅरन नावाच्या जोडप्यानं आधार दिला. प्रवेश घेतला लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये. १८७४ साली सुरू झालेली ही शाळा बायकांनीच धडपडून उभी केली होती. पुस्तकी शिक्षण तिथं आणि पेशंट बघायचं शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण रखमाबाईंवरच्या बऱ्याच लेखांत ती चुकते. त्यांना लंडन स्कूलनं डॉक्टरची पदवी दिली असं लिहिलेलं असतं. तसं नव्हतं. ही शाळा शिकवत होती, पण पदवी किंवा परवाना देण्याचा अधिकार तिला नव्हता. शिकायचं एकीकडं आणि परीक्षा द्यायची दुसरीकडं. लंडनमधल्या डॉक्टरांच्या आणि सर्जनच्या दोन मोठ्या रॉयल कॉलेजांची दारं बायकांसाठी अजून बंद होती, ती पुढं जवळपास दीड दशक बंदच राहिली.

मग लंडनमध्ये शिकलेल्या मुली काय करायच्या? काही लंडन विद्यापीठाची पदवी घ्यायच्या, काही आयर्लंडला जायच्या, काही स्कॉटलंडला. स्कॉटलंडमध्ये एडिनबराची दोन कॉलेजं आणि ग्लासगोची एक संस्था मिळून एक संयुक्त परीक्षा घ्यायची. ती १८८६ पासून बायकांना खुली झाली होती. ही परीक्षा पास झालं की ब्रिटिश यादीत नाव नोंदवता यायचं. रखमाबाईंनी १८९४ मध्ये हीच परीक्षा दिली आणि पास झाल्या. बेल्जियममधल्या ब्रुसेल्सची एम.डी. पदवीही मिळवली.

ज्या बाईला सात वर्षांपूर्वी एका कोर्टानं नवऱ्याकडं किंवा तुरुंगात जायला सांगितलं होतं, तिच्या हातात आता पेशंट तपासायचा परवाना होता.

मग पहिली महिला डॉक्टर कोण?

उत्तर तुम्ही डॉक्टर कशाला म्हणता यावर अवलंबून आहे.

पदवी बघायची तर आनंदीबाई जोशींनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून मार्च १८८६ मध्ये एम.डी. मिळवली. कोल्हापूरच्या हॉस्पिटलमध्ये त्यांची नेमणूकही झाली, पण क्षयानं त्यांना गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, वय अवघं एकवीस. प्रॅक्टिस करायला त्यांना वेळच मिळाला नाही.

प्रॅक्टिस बघायची तर कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली यांनी १८८६ मध्येच तिथल्या मेडिकल कॉलेजचं शिक्षण पूर्ण केलं आणि पेशंट बघायला सुरुवात केली. तरीही त्यांच्या पात्रतेवर शंका घेतल्या जात राहिल्या. मग १८९३ मध्ये त्याही एडिनबराला जाऊन परवाना घेऊन आल्या.

रखमाबाई त्यांच्यानंतरच्या. म्हणजे त्या पहिल्या नाहीत, पहिल्या काही जणींपैकी एक आहेत. पण यानं त्यांचं मोठेपण कमी होत नाही. पुढची जवळपास पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, पेशंट बघण्याचं.

सुरत आणि राजकोट

परत आल्यावर थोडा काळ कामा हॉस्पिटलमध्ये काम करून रखमाबाई सुरतला गेल्या आणि तिथल्या बायकांच्या हॉस्पिटलची जबाबदारी घेतली. साल १८९५.

त्या काळी आजारी बाईपुढं पर्याय काय होते ते बघा. घरंदाज घरात परक्या पुरुषाला नाडीसुद्धा दाखवायची नाही. डॉक्टर पुरुष, त्यामुळं लक्षणं सांगायची ती नवऱ्यानं किंवा सासूनं. बाळंतपण सुईणीच्या हातात. अडलं तर नशीब. लहान वयात लग्न आणि लहान वयात बाळंतपण, त्यामुळं अडायचंही बरंच. डॉक्टर निवडायचा हक्क कागदावर सगळ्यांना असतो, पण निवडायला कुणी उपलब्धच नसेल तर त्या हक्काचा उपयोग काय? परवाना असलेली बाई डॉक्टर गावात बसली, म्हणजे सुरतेच्या बायकांना पहिल्यांदा खरी निवड मिळाली.

तरीही बायका लगेच रांग लावून आल्या नाहीत. हॉस्पिटलची भीती होती आणि नवरा सोडलेली बाई म्हणून रखमाबाईंचं नाव गाजलेलं होतं. परवान्यानं औषध द्यायचा अधिकार मिळतो, विश्वास मिळत नाही. तो एकेका पेशंटनं मिळवावा लागतो. रखमाबाईंनी तो सुरतेत वीसहून जास्त वर्षं राहून मिळवला.

१९०४ मध्ये दादाजी वारला. रखमाबाईंनी त्यानंतर विधवेची पांढरी साडी नेसली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. आज हे वाचून अनेकांना कोडं पडतं. ज्या लग्नाला आयुष्यभर नाही म्हटलं, त्याचं वैधव्य कशाला पाळायचं? कारण काहीही असो, त्या घोषणेतल्या नायिका नव्हत्या, आपल्या काळात राहणाऱ्या माणूस होत्या, एवढं यातून कळतं.

पुढं सरकारी महिला वैद्यकीय सेवेत जायचा प्रस्ताव आला, तो त्यांनी नाकारला आणि राजकोटच्या बायकांच्या हॉस्पिटलमध्ये काम घेतलं. राजकोटला रेडक्रॉसचं काम उभं केलं. १९२९-३० च्या सुमारास निवृत्त झाल्या. त्यानंतर पडदा पद्धत का बंद व्हायला हवी यावर पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ ला, नव्वदाव्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

आपल्याकडं नंबर कधी आला?

रखमाबाई सुरतला बसल्या तेव्हा मुंबई इलाख्यात डॉक्टरांची कायदेशीर यादीच नव्हती. ती आली १९१२ च्या बॉम्बे मेडिकल ॲक्टनं, म्हणजे त्यांनी प्रॅक्टिस सुरू केल्यावर सतरा वर्षांनी. ही यादी पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची होती. वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा मुंबईत १९३८ साली झाला.

परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं इथं मुंबईचा कायदा लागू नव्हता. विदर्भात तिसराच कायदा. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला तरी हे वेगवेगळे कायदे चालूच होते. १९६५ मध्ये महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल ॲक्ट आला आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी सगळ्या राज्यात एकच नोंदणी झाली. मुंबईचा डॉक्टर आणि परभणीचा डॉक्टर एकाच यादीत आले.

आता आपण काय बघायचं?

पहिलं, नंबर. ॲलोपॅथीच्या डॉक्टरनं आपला रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर, सर्टिफिकेटवर, पावतीवर छापणं नियमानुसार बंधनकारक आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव किंवा नंबर टाकून नोंदणी तपासता येते. नोंदणी एकदाच करून भागत नाही, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

दुसरं, यादी कुठली ते. एम.बी.बी.एस. आणि त्यापुढचे डॉक्टर मेडिकल कौन्सिलकडं, बी.ए.एम.एस. आणि बी.यू.एम.एस. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडं, बी.एच.एम.एस. होमिओपॅथी कौन्सिलकडं, दातांचे डॉक्टर डेंटल कौन्सिलकडं. एका यादीत नाव सापडलं नाही म्हणजे लगेच बोगस असं नाही. आधी डिग्री बघा, मग त्या यादीत शोधा.

तिसरं, कुठल्याच यादीत नाव नसेल तर तो गुन्हा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात नोंदणीशिवाय ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

चौथं, नंबर म्हणजे सगळं काही नाही. माणूस शिकलाय, परीक्षा पास झालाय आणि चुकला तर त्याला जाब विचारणारी संस्था आहे, एवढं नंबर सांगतो. तो तुमचं नीट ऐकून घेतो का, खर्च आधी सांगतो का, आपल्याला जमणार नसेल तर वेळेत पुढं पाठवतो का, हे तुम्हालाच बघावं लागतं.

२०२३ पासून परभणीत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. इथं शिकलेल्या मुलींना परीक्षेसाठी एडिनबराला जावं लागणार नाही आणि यादीत नाव घालायला त्यांना बाई म्हणून कुणी अडवू शकणार नाही.

तर पुढच्या वेळी दवाखान्यात नंबर लावून बसलात की पाटीवरचा तो दुसरा नंबरही वाचा. चारचौघांत वाचायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर बघा, घरी येऊन तपासा. शिकलेल्या डॉक्टरला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. ती यादी सुरू झाली होती तीच मुळी तुमच्यासाठी.